तेर्नातेची भाषा आणि तिच्या शेजारणी

‘पापुआन’ हे भाषांच्या एका कुळाचं नाव नाही. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरच्या ज्या सुमारे ८०० भाषा मलय, जावानीज यांच्या ऑस्ट्रोनेशियन कुळात बसत नाहीत, त्यांना मिळून दिलेलं ते सोयीचं नाव. या साऱ्या भाषा डोंगरदऱ्यांत अडकलेल्या, शेजाऱ्यांपासून तुटलेल्या, असं सरसकट मानलं जातं. इंडोनेशियात हालमाहेराच्या किनाऱ्याजवळ असलेल्या तेर्नाते या ज्वालामुखी बेटाची भाषा पापुआनच आहे, आणि तिची कहाणी अगदी उलट आहे. लवंग एके काळी जगात फक्त याच भागातल्या मोजक्या बेटांवर पिकायची. त्या व्यापाराच्या बळावर तेर्नातेच्या सुलतानांचा अंमल दूरवर पसरला आणि त्यांची भाषा शेजाऱ्यांच्या कानांवर पडत राहिली.

यावर कुणी म्हणेल, सुलतानाने १५२१ आणि १५२२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली ती मलय भाषेत; मग खरी प्रादेशिक भाषा मलयच. परक्या दरबाराशी मलय चालायची, हे खरंच. पण समुद्रापलीकडे, सुलावेसीच्या उत्तर टोकाला मानाडोत आज बोलल्या जाणाऱ्या मलयमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसाठी ‘ङाना’ आणि ‘ङोनी’ हे तेर्नातेचे शब्द आहेत. मालाची नावं कुठलीही भाषा सहज उचलते. सर्वनामं उचलायला मात्र रोजचं उठणंबसणं लागतं.

या दबदब्याची किंमतही तेर्नातेनेच मोजली. हालमाहेरावरच्या तिच्या बहिणी गालेला आणि तोबेलो आजही, मराठीसारखंच, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतात. कर्ता कोण आणि कर्म कोण, याच्या खुणा क्रियापदालाच जोडतात. तेर्नातेत क्रियापद मलयसारखं मधे आलं, कर्माची खूण गळाली. याला भेसळ म्हणणं मला पटत नाही. अनेक घरांतून आलेली मोठी माणसं बंदरावर एखादी भाषा शिकतात, तेव्हा तिचे कंगोरे झिजतात. ती दुबळी असल्यामुळे नव्हे, तर हवीशी असल्यामुळे. आजचं संकट वेगळं आहे: तरुणांच्या तोंडी तेर्नातेऐवजी स्थानिक मलयच अधिक बसली आहे. म्हणूनच या भाषेच्या नोंदी करणाऱ्यांनी ‘शुद्ध’ तेर्नाते शोधत बसू नये. बाजारातलं, मलय मिसळलेलं बोलणंही तितक्याच काळजीने टिपावं.