प्लगाची परीक्षा

जुन्या काळचे वैद्य रोग्याला प्रथम जीभ दाखवायला सांगत. मोटारीच्या इंजिनाला जीभ नाही. पण त्याच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी एक वस्तू आहे. ती म्हणजे स्पार्क प्लग. त्याच्या आतल्या टोकाशी धातूच्या दोन अग्रांमध्ये मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी फट असते. हजारो व्होल्टचा दाब आला, की ती फट ओलांडून ठिणगी उडते आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेट घेते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगाला सेकंदाला 25 वेळा ठिणगी पाडावी लागते! डिझेलच्या एस.टी.ला मात्र प्लग लागत नाही. तेथे दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवते.

ही परीक्षा मी मालवणच्या एका वृद्ध मिस्त्रींजवळ पाहिली. आमच्या शेजाऱ्यांची जुनी फियाट होती. कुडाळच्या स्टेशनवर उतारू पोहोचवायचे, त्यावर त्यांचा प्रपंच चाले. एका उन्हाळ्यात ती गाडी चढावर धापा टाकू लागली, काळा धूर सोडू लागली. 'इंजिन उघडावे लागेल' असे कोणीतरी सांगितल्यापासून शेजाऱ्यांना अन्न गोड लागेना. साठवलेला पैसा जाणार, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहणार!

मिस्त्रींनी इंजिन निवू दिले. प्लगांभोवतीची धूळ फुंकून काढली, नाहीतर ती आत पडते. मग एकेक प्लग काढून फळीवर क्रमाने मांडला. क्रम मोडला, तर कोणते दुखणे कोणत्या सिलिंडरचे, हे कळायचे कसे?

निरोगी प्लगाचे टोक फिकट तपकिरी किंवा राखी दिसते. ते पांढरेफटक, फोड आल्यासारखे असेल, तर आत उष्णता फार झाली आहे. काळे आणि तेलकट असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजून तेल वर चढते आहे. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते. काळे पण कोरडे असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. टोक सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तरच काजळी आपोआप जळते. म्हणून नुसती बाजारापुरती फिरणारी गाडीही प्लग काळे करते.

आमच्यासमोरचे चारही प्लग काळेकुट्ट होते. शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

मिस्त्रींनी एका प्लगावरून बोट फिरवले आणि ते शेजाऱ्यांपुढे धरले. कंदिलाच्या काचेवर धरते तशी कोरडी काजळी! "ह्या रिंगांचा काम नाय," ते म्हणाले. "प्लग खोटा बोलणा नाय. चारव सारखे काळे, म्हणजे कारण एकच."

त्यांनी हवेची गाळणी काढून उन्हात धरली. तिच्या कागदी घड्यांत जांभ्याची तांबडी धूळ इतकी दाटली होती, की उजेड आरपार दिसेना. इंजिनाचा श्वासच कोंडला होता.

नवी गाळणी आली. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशाने प्लग हलकेच घासले, पातळ पट्टीने फटी मोजल्या. एका प्लगाच्या पांढऱ्या आवरणाला केसासारखी चीर होती. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत अशा चिरेतून वीज भलतीकडे पळते. तो त्यांनी बदलला. बसवताना पाना न लावता आधी बोटांनीच आटे फिरवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फियाट उतारू घेऊन कुडाळला गेली. पंधरा दिवसांनी प्लग पुन्हा काढून पाहिले. तिघांवर तपकिरी छटा आली होती. नव्याचा रंग अजून पुरता यायचा होता.