गल्ल्यावर कोणी नसलेले दुकान : इवानाची कहाणी

फिलिपाइन्सच्या नकाशावर अगदी उत्तर टोकाला बाटानेस नावाचा चिमुकला द्वीपसमूह आहे. त्यांतील बाटान बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर इवाना ही नगरपालिका वसलेली आहे. ‘नगरपालिका’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते त्याच्याशी इवानाचे काहीच साम्य नाही. टुहेल, रादिवान, सालागाओ आणि सान विसेंते असे चार बारांगाय, म्हणजे वाड्या. आणि सर्व मिळून वस्ती दीड हजाराहूनही कमी. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये दगड-चुन्याचे जुने चर्च आणि त्याच्याजवळच एक लहानसे बंदर.

या बंदराशेजारी एक दुकान आहे. आत चहा-कॉफी, बिस्किटे, शीतपेये, टोप्या, शर्ट अशा वस्तू मांडलेल्या असतात. भावांची यादी भिंतीवर आहे, पैशांसाठी पेटी आहे, घेतलेली वस्तू लिहून ठेवण्यासाठी वही आहे. नाही तो फक्त दुकानदार! साब्तांग बेटाकडे जाणाऱ्या नावेची वाट पाहणारा प्रवासी आपल्या हाताने कॉफी करून घेतो, पेटीत पैसे टाकतो आणि निघून जातो. 1995 मध्ये एका निवृत्त शिक्षिकेने हे दुकान सुरू केले. ‘प्रामाणिकपणाचे कॉफी दुकान’ याच अर्थाच्या नावाने ते आज देशभर प्रसिद्ध आहे.

ज्याचे सारे आयुष्य बँकेत तारण, जामीन आणि सह्या तपासण्यात गेले, त्याला हे दुकान सहजासहजी पटत नाही. म्हणून या गावाचा इतिहास मुळापासून पाहावा असे वाटले.

1687 मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी या बेटांवर आला होता. येथील इवातान लोक उंच कड्यांवर, शिडीने चढून जावे लागेल अशा ठिकाणी राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्याकडे नाणे नव्हते. धातूचे बारीक कण केळीच्या पानात जपून बांधून ठेवलेले असत आणि त्यांतील दोन-तीन कण देऊन वस्तू घेतली जाई. कड्यांवरील त्या वस्त्यांना इवातान भाषेत ‘इजांग’ म्हणतात.

1783 मध्ये स्पेनने ही बेटे आपल्या राज्यास जोडली. कड्यांवर विखुरलेल्या लोकांवर कर बसवणे आणि त्यांना धर्मोपदेश करणे राज्यकर्त्यांना गैरसोयीचे होते. तेव्हा त्यांना खाली उतरवून चर्चभोवती वसवण्यात आले. इवानासारखी किनाऱ्यावरची गावे आकाराला आली ती अशी. त्यांचा पाया लोकांच्या इच्छेपेक्षा हुकमाने घातला गेला होता.

पुढचा प्रसंग व्यापारी घराण्यांतील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. समोरच्या साब्तांग बेटावर सरकारी माणसे लाकूड आणि इतर सामान नेत, मात्र त्याचा योग्य मोबदला देत नसत. 1791 मध्ये आमान दांगात नावाच्या प्रमुखाने त्याविरुद्ध उठाव केला. उठाव मोडला गेला, त्याला फाशी देण्यात आली आणि साब्तांगच्या रहिवाशांना बेट सोडून इवानाच्या हद्दीत राहण्यास भाग पाडले गेले. कित्येक दशकांनंतर त्यांना परतता आले. ज्या किनाऱ्यावर आज न मागता मालाची किंमत चुकती होते, त्याच किनाऱ्यावर एकेकाळी मालाची किंमत मागितल्याबद्दल शिक्षा झालेली माणसे राहत होती.

मग ही सक्तीची वस्ती एकजीव गाव कशी झाली? त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. ही बेटे वादळांच्या वाटेवर आहेत. दगड आणि चुन्याच्या जाड भिंतींवर गवताने शाकारलेले छप्पर ही येथील घराची पद्धत. असे छप्पर एका कुटुंबाला एकट्याने घालता येत नाही. त्यासाठी सारे गाव जमते. या सामूहिक श्रमाला ‘यारू’ म्हणतात. आज मी तुमच्या छपरावर, उद्या तुम्ही माझ्या. या देवाणघेवाणीची वही कोणी ठेवत नाही, तरी बाकी कोणाकडे राहत नाही. 1887 मध्ये बांधलेले आणि 1918 च्या भूकंपातूनही उभे राहिलेले डाकाय यांचे घर इवानात अजून पाहावयास मिळते.

स्पेननंतर अमेरिकी अंमल आला आणि 1909 मध्ये बाटानेसला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला. तथापि एवढ्याशा गावाने नगरपालिका चालवावी कशी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पडतोच. 1991 च्या स्थानिक शासन कायद्यात त्याचे उत्तर सापडते. राष्ट्रीय करांतून मिळणारा नगरपालिकांचा हिस्सा वाटताना 50 टक्के भार लोकसंख्येला, 25 टक्के क्षेत्रफळाला आणि उरलेला 25 टक्के सर्वांना समान, असे सूत्र त्यात ठरले. हा समान वाटा मोठ्या शहराला किरकोळ वाटेल, पण इवानासारख्या गावाचा तो आधार आहे.

आता पर्यटक वाढत आहेत. यारूच्या छपराखाली न वाढलेली, पुन्हा कधी न भेटणारी माणसे त्या दुकानात शिरतात. गावकऱ्यांमधील विश्वास अनोळखी माणसावर ठेवणे ही खरी जोखीम आहे, आणि दुकान उघडे ठेवून तेथील लोक ती रोज पत्करतात.

आपल्या पेढ्यांवरही एकेकाळी तोंडी शब्दावर लाखाचा माल जात असे. तो शब्द हवेतून आला नव्हता. अडचणीत एकमेकांची हुंडी सांभाळणाऱ्या पिढ्यांनी तो कमावला होता. बँकेत आम्ही पत मोजत असू, पण पत निर्माण करण्याचा विभाग कोणत्याही शाखेत नव्हता. इवानात तो विभाग छपरावर चालतो. दुकानातील पेटीत जमतो तो केवळ त्याचा हिशेब.