जात्याची घरघर

अनेक ध्वनी एकत्र करून त्यांचे मुद्रण करणे हे काम एके काळी मोठ्या कलागृहांतच होत असे. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा नटनटींना कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गावे लागे व साथीदार दृष्टीआड बसून साथ करीत. कोणाचा आवाज किती ऐकू यावा, हे मायक्रोफोनजवळ कोण बसतो व दूर कोण, यावर ठरे. आणि एकदा झालेले मिश्रण पुन्हा सोडविता येत नसे. आज तेच काम औरंगपुऱ्यातील माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एका जुन्या संगणकावर होऊ शकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ते करून पाहिले.

माझ्या मातोश्रींना देवाघरी जाऊन नऊ वर्षे झाली. त्या दळताना ओव्या म्हणत. १९९४ साली आमच्या मामांनी त्यांतील काही ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. फीत जीर्ण होत चालली होती. ती संगणकात उतरवावी, माझ्या मुलीने प्रत्येक ओवीचा अर्थ सांगावा व मागे पेटीचा मंद सूर असावा, असा आम्ही बेत केला.

याकरिता ‘ऑडॅसिटी’ नावाची, २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेली व विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली आम्ही घेतली. तीत प्रत्येक ध्वनीस स्वतंत्र पट्टी मिळते. टेपरेकॉर्डरपासून संगणकापर्यंत तार जोडून ओव्या पहिल्या पट्टीवर घेतल्या. रिक्षांचे भोंगे सुरू होण्यापूर्वी, पहाटे, मुलीचे बोलणे दुसरीवर घेतले. जुना आवाज मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरू नये म्हणून तिने तो हेडफोन लावून ऐकला. नवा आवाज जुन्याच्या किंचित मागे पडतो. पट्टी तेवढीच अलीकडे सरकविली की दोन्ही जुळतात.

संगणक ध्वनीचे मोजमाप एका सेकंदास बहुधा ४४,१०० वेळा करून ते आकड्यांत लिहितो. मिश्रण म्हणजे या आकड्यांची बेरीज होय. बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेली, की ध्वनिलहरीचे टोक छाटले जाते व आवाज फाटतो. म्हणून क्षीण आवाज स्पष्ट ऐकू यावयाचा असेल, तर त्यास ओढून मोठा करण्यापेक्षा भोवतालच्यांनी हळू होणे श्रेयस्कर ठरते. पेटी कमी करीत करीत अखेर आम्ही ती पट्टी मुकीच केली. ओवीला तिची गरज नव्हती.

जात्याची घरघर काढून टाकावी, असे माझ्या धाकट्या बंधूंचे म्हणणे पडले. नुसत्या घरघरीचा नमुना दिला असता संगणक तेवढा ध्वनी सर्वत्र कमी करतो. आम्ही एका प्रतीवर तसे केले. घरघर गेली खरी. परंतु आईचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा पोकळ झाला. शिवाय तिचा श्वास जात्याच्या फेऱ्याबरोबर चाले; फेरा गेल्यावर ओळीमधला थांबा निराधार भासू लागला. जिने जाते फिरताना कधी पाहिले नाही, ती माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आजी आता एकटीच पडली.” बंधूंनी ते ऐकले आणि घरघर राहू द्या, असे तेच म्हणाले.

विजेच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि त्यांबरोबर ओव्याही मावळू लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे. परंतु आपल्या घरातला आवाज जपण्यास बाहेरून कोण येणार? ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी या सुटीतच त्यांच्याजवळ बसावे. त्यांचे गाणे, त्यांची गोष्ट, मागचा भांड्यांचा आवाजदेखील मुद्रित करावा. मूळ प्रतीस हात न लावता ती दोन ठिकाणी ठेवावी व पट्ट्या निरनिराळ्या जतन कराव्यात. काय मोठे ठेवावे व काय हळू, हा निर्णय आज आपण करतो. तो पुढच्या पिढीस मान्य न झाल्यास तिला आपला निर्णय नव्याने करता आला पाहिजे.