बोटीवरचा गॅस



आज एक कबुली द्यायची आहे. मागच्या जूनमध्ये लेकीकडे साउदॅम्प्टनला गेले होते. जावयांची तीस फुटी शिडाची बोट आहे, तिच्यातून चार दिवस आईल ऑफ वाइटच्या बाजूला फिरलो. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवसाउजेडी जेवायची काळजी नव्हती. स्वयंपाकघर म्हणजे दोन बर्नरची शेगडी, बोट हलली की तीही झोपाळ्यासारखी झुलते.

गॅसची बाटली बाहेर, मागच्या टोकाला वेगळ्या बंद कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोक असतं, गळलेला गॅस बोटीत न येता थेट बाहेर पडावा म्हणून. लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, स्वयंपाक झाला की आधी बाटली बंद कर. नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू दे, मग बटण फिरव."

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस होता. गुडघे दुखत होते, पायऱ्या चढून बाहेर जायचा कंटाळा केला. फक्त शेगडीचं बटण बंद केलं. "गॅस बंद केलास ना?" "हो." बटण तर बंद केलंच होतं, असं मी मनाला समजावलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठले. पाणी गाळून उकळायला ठेवायचं म्हणून नेहमीप्रमाणे बर्नरवर एखादा जीव नाही ना, ते वाकून बघितलं. तेवढ्यात वास आला आणि पायाखालच्या फळीतून पीं पीं सुरू झालं. माझा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. लेकीने मागून मनगट धरलं. एवढ्या जोरात तिने मला कधी धरलं नव्हतं.

हा गॅस हवेपेक्षा जड. आपल्या घरातही तो जमिनीलगतच पसरतो, पण निदान दाराखालून बाहेर जातो. बोटीचा तळ म्हणजे पातेलं. तिथे नुसती जमेची बाजू, खर्ची काहीच पडत नाही. हवेत शंभरात सुमारे दोन भाग गॅस झाला की बटणाची एक ठिणगी पुरते. म्हणूनच गॅस ओळखणारं यंत्र वर नाही, तळाशी बसवतात.

जावयांनी कुठल्याही बटणाला हात न लावता बाटली बंद केली, झाकणं उघडली, आम्हाला धक्क्यावर उतरवलं आणि हातपंपाने तळातली हवा उपसत राहिले. नंतर साबणाचं पाणी लावल्यावर शेगडीमागच्या रबरी नळीवर बुडबुडे आले. शेगडी झुलून झुलून ती घासली होती. मी बर्नर रोज बघत होते, मागची नळी एकदाही नाही.

जावई मला एक शब्द बोलले नाहीत. रात्रीचं "हो" मीच दुपारी दोघांना सांगितलं. लेक रडली, मग रागावली. त्यातलं रागावणं मला बरं वाटलं.

सांगलीला आल्यावर आधी नळीवरची तारीख बघितली. मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. आता रात्री दूध तापलं की आधी रेग्युलेटर बंद करते आणि ज्योत विझेपर्यंत उभी राहते. "आता कसली वाट बघतेस?" असं आमच्याकडे रोज विचारलं जातं.