सहवासाचें नाटक

नाटक म्हटलें म्हणजे रंगीत पडदे व झगझगीत दिवे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्यांस 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात, अशीं लहान नाट्यगृहेंही आतां निघालीं आहेत. काळ्या भिंतींची एक साधी खोली, थोड्याशा खुर्च्या, आणि नट इतका जवळ कीं त्याचा सुस्काराही ऐकूं यावा! अशा ठिकाणीं कोणती कथा शोभेल, असा विचार करितां आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचें स्मरण झालें.

हें जोडपें आम्हां नागपूरकरांस परकें नाहीं. १८९१ च्या सुमारास टिळक येथें अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करीत होते. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. सुमारें पांच वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांनीं आपलें सोवळें लगेच सोडलें नाहीं. टिळकांनींही त्यांवर सक्ती केली नाहीं. १९०० सालीं त्या स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या.

आमच्या मतें या कथेचा गाभा हाच. मत न पटलें तरी माणूस तोडूं नये, आणि प्रेमाच्या बळावरही दुसऱ्याच्या मनावर जबरदस्ती करूं नये, हें साधणें फार कठीण आहे.

लक्ष्मीबाईंस लिहावयास-वाचावयास टिळकांनींच शिकविलें. १९१९ सालीं ते वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. आपल्या 'स्मृतिचित्रां'त त्या पतीच्या उधळ्या दातृत्वास व तापट स्वभावास हंसतात. परंतु त्या हंसण्यांत कडवटपणा नाहीं. अभिनेत्री सुहास जोशी यांनीं हीं 'स्मृतिचित्रें' एकटीनें रंगमंचावर सादर केलीं आहेत. देखाव्यांवांचून तीं उभीं राहतात, कारण त्यांचें सर्व बळ बोलण्यांत आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. येत्या स्नेहसंमेलनांत एखाद्या वर्गास काळे पडदे लावून, दोन खुर्च्या मांडून, ही कथा आपण कां करूं नये? पालकांनींही अवश्य यावें. घरोघरीं वडील माणसांत असेंच एखादें नाटक वर्षानुवर्षें चाललेलें असतें. तें पाहण्याची दृष्टि त्यामुळें आम्हां सर्वांस लाभेल.