पुदिन्याचा गार चहा : जिभेचा थंडावा आणि शरीराची गरज

उन्हाळा लागला की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, दुधाचा चहा बंद केलाय. आइस्ड टी घेतला तर चालतो ना?"

चालतो. पण कोणता आइस्ड टी, कशाने गोड केलेला आणि कोणत्या बर्फातला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो. अशा दिवसांत माणूस गार मिळेल ते पितो. म्हणून आज औषधांऐवजी एका पेयाबद्दल लिहितो आहे. ताज्या पुदिन्याचा गार चहा घरी कसा करायचा, त्याने काय होतं, काय होत नाही आणि कोणी जपून प्यावा, हे समजून घेऊ.

पाकिटातला आइस्ड टी

चाळिशीतले एक शिक्षक माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. गोळ्या वेळेवर घेतात आणि सकाळी फिरायलाही जातात. फेब्रुवारीत त्यांचं एचबीए१सी ७.१ होतं. मेच्या अखेरीस ते ८.३ झालं. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते, त्यामुळे एखाद्या लग्नातल्या जेवणावर खापर फोडता येत नाही. गोड बंद, चहा बंद, मग साखर वाढली कशाने? विचारता विचारता कळलं की चहाच्या जागी लिंबाच्या चवीचा तयार आइस्ड टी आला होता, दिवसाला चार ग्लास. "साहेब, त्यात दूध नाही ना, म्हणून हलका."

मी त्यांना पाकीट आणायला सांगितलं. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं होतं. यादीत जो घटक पहिला, तो वजनाने सर्वांत जास्त, हे लक्षात ठेवा. त्या पाकिटाप्रमाणे एका ग्लासात १६ ग्रॅम साखर होती, म्हणजे चार ग्लासांत ६४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे : वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आमच्या गुरुजींनी त्याच्या अडीचपट साखर 'हलकं' समजून घेतली होती.

त्यांना नुसतं "बंद करा" सांगून भागलं नसतं. दुपारी दोनला शाळेतून घरी आलेल्या माणसाला काहीतरी गार हवंच असतं. म्हणून मी त्यांना खालची कृती लिहून दिली.

कृती (एक लिटर, चार ग्लास)

ताज्या पुदिन्याची २५-३० पानं घ्या. पिवळी आणि काळे डाग पडलेली काढून टाका. देठासकट जुडी आधी भरपूर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे माती खाली बसेल. मग पानं वाहत्या पाण्याखाली दोनतीनदा धुवा. पुदिना जमिनीलगत वाढतो, त्यामुळे माती आणि सांडपाण्यातले जंतू पानांवर असू शकतात. त्यासाठीच ही कृती मुद्दाम गरम पाण्यातून जाणारी निवडली आहे.

अर्धा लिटर पाणी खळखळ उकळा. गॅस बंद करा. दोन सपाट चमचे चहा पावडर टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटं. पावडर उकळायची नाही. आपल्याकडची दाणेदार पावडर उकळली की चहा कडू आणि तुरट होतो. दुधात तो तुरटपणा झाकला जातो, गार पाण्यात झाकला जात नाही.

आता दुसऱ्या पातेल्यात पुदिन्याची पानं हाताने थोडी चुरगळून टाका आणि त्यांच्यावर हा गरम चहा गाळा. लगेच झाकण ठेवा आणि दहा मिनिटं उघडू नका. पुदिन्याचा वास त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. उघड्या पातेल्यात उकळलात, तर स्वयंपाकघर छान दरवळेल आणि चहात मात्र फारसं काही उरणार नाही. झाकणाला आतून जमलेले थेंब परत पातेल्यातच पडू द्या.

गाळून घ्या. त्यात अर्धा लिटर पिण्याचं गार पाणी घाला. पूर्ण निवल्यावर एका लिंबाचा रस पिळा. लिंबू पडताच चहाचा रंग फिका होतो. त्यात काही बिघडलेलं नाही, आम्लामुळे चहातल्या रंगद्रव्याचा रंग बदलतो. फ्रीजमध्ये ठेवल्यावर चहा कधी गढूळ दिसतो, तेही बिघडल्याचं लक्षण नव्हे. थंड झाल्यावर चहातलं कॅफिन आणि तुरट घटक एकमेकांना धरतात, म्हणून तसं दिसतं. फ्रीजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा.

साखर? सवय असेल तर पहिल्या आठवड्यात ग्लासाला एक चमचा, दुसऱ्या आठवड्यात अर्धा, तिसऱ्या आठवड्यात बंद. मधुमेह असेल तर पहिल्या दिवसापासून बंद. गूळ किंवा मध घातला तरी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. काळं मीठ चवीला छान लागतं, पण तेही मीठच आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याचा मोह टाळावा.

थंडावा खरा की भास?

पुदिना 'थंड' असतो, असं आपण म्हणतो. त्यामागचं शास्त्र मजेदार आहे. आपल्या जिभेवर आणि त्वचेवर गारवा ओळखणारे संवेदक असतात. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीएम-८. पुदिन्याच्या जातींत असणारं मेन्थॉल हे रसायन नेमक्या याच संवेदकाला जागं करतं, आणि मेंदूला निरोप जातो की गार वाटतंय. प्रत्यक्षात तापमान तेवढंच असतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी मेन्थॉल वापरूनच, स्वतंत्रपणे, हा संवेदक शोधला. तापमान आणि स्पर्शाच्या संवेदकांवरील कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. भाजीवाल्याकडच्या पुदिन्यात मेन्थॉल कमी असतं, पेपरमिंटमध्ये बरंच जास्त. म्हणून घरच्या चहाचा थंडावा गोळीसारखा झोंबत नाही, सौम्य लागतो.

हे सांगण्यामागे कारण आहे. तोंड गार झालं की तहान भागल्यासारखी वाटते, शरीराला पुरेसं पाणी मिळण्याआधीच. तरुण माणूस थोड्या वेळाने पुन्हा पाणी मागतो. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं.

माझी आई ८१ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी तिला चालू होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी मे महिन्यात एका सकाळी तिने मला माझ्या दिवंगत मामाच्या नावाने हाक मारली आणि "एस.टी. कितीची आहे?" असं विचारलं. ताप नव्हता, हातापायांतली शक्ती शाबूत होती. जीभ मात्र कोरडी पडली होती आणि नाडी जलद चालत होती. तपासण्यांत शरीरातलं पाणी आणि सोडियम दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. दोन दिवस सलाइन लागलं, गोळी बदलली आणि ती पूर्ण भानावर आली. भानावर आल्यावर म्हणाली, "अरे, तहानच लागत नाही तर पिऊ कशी? नुसतं पाणी घशाखाली उतरत नाही."

ती खरं बोलत होती. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही कमी होते. अशा माणसाला "तहान लागली की पी" हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांना घड्याळ आणि माप द्यावं लागतं. तेव्हापासून उन्हाळ्यात आमच्याकडे काचेची एक लिटरची बरणी जेवणाच्या टेबलावर असते. दुपारपर्यंत अर्धी, संध्याकाळी सहापर्यंत रिकामी, असा करार आहे. बाकी पाणी, ताक, वरणाचं पाणी वेगळं. बरणीत पुदिना असतो, पण चहा पावडर अगदी नावापुरती, कारण तिची झोप आधीच कमी आहे. ती त्याला आइस्ड टी म्हणत नाही, 'पुदिन्याचं पाणी' म्हणते. आजही कधी कधी संध्याकाळी अर्धी बरणी तशीच असते. पण ती उरली आहे हे आम्हाला दिसतं, तेच महत्त्वाचं.

तुमच्या घरी वृद्ध माणूस असेल तर असंच एखादं दिसणारं माप ठेवा. लघवीचा रंग पाहायला सांगा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर विसंबू नका.) आणि अचानक सुरू झालेली असंबद्ध बडबड 'वयामुळे' आहे असं गृहीत धरून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बर्फाचं काय?

गोठवल्याने सगळे जंतू मरतात, हा गैरसमज आहे. टायफॉइड, कावीळ (हिपॅटायटिस ए), जुलाब यांचे जंतू बर्फात तग धरू शकतात. बाहेरच्या बर्फाचा बराचसा भाग मासळी आणि माल गार ठेवण्यासाठी बनतो, पिण्यासाठी नव्हे. तो ओळखता यावा म्हणून २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आला. पांढरा दिसला म्हणजे शुद्ध, असाही अर्थ काढू नका. घरी उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचाच बर्फ करा आणि तो हाताने न उचलता चमच्याने घ्या.

काही जण चहा पावडर पाण्यात टाकून बरणी तासन्‌तास उन्हात ठेवतात. ते करू नका. पाणी कोमट होतं, जंतू मरण्याइतकं तापत नाही.

कोणी जपून प्यावा?

ॲनिमिया असणाऱ्यांनी. चहातले तुरट घटक धान्य-भाज्यांमधलं लोह बांधून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. त्यामुळे हा मुद्दा घरोघरी लागू आहे. चहा गरम असो की गार, जेवण आणि लोहाची गोळी यांच्या आगेमागे किमान एक तास नको. जेवताना हवंच असेल तर चहा पावडर वगळून पुदिना-लिंबाचं पाणी घ्या. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

छातीत जळजळ होणाऱ्यांनी. पुदिना पोटाला चांगला, हे अर्धसत्य आहे. तो स्नायू सैल करतो, म्हणून पोटात मुरडा आल्यावर बरं वाटतं. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला, आम्ल वर येऊ न देणारा स्नायूही सैल पडू शकतो. पुदिना घेतल्यावर जळजळ वाढत असेल, तर तो तुमच्यासाठी नाही.

मूतखडा झालेल्यांनी. काळ्या चहात ऑक्झलेट असतं. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातील ५६ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीगत प्रसिद्ध झाली. ते रोज सुमारे १६ ग्लास आइस्ड टी पीत होते. ऑक्झलेट मूत्रपिंडांत साठलं आणि डायलिसिसची वेळ आली. घाबरू नका, दोन-तीन ग्लासांनी असं होत नाही. पण 'चांगलं आहे' म्हणून पाण्याऐवजी दिवसभर चहाच, असं कोणीही करू नये. खडा होऊन गेलेल्यांनी नुसता पुदिना, लिंबू आणि भरपूर पाणी यांवर भर द्यावा.

हृदयाचा पंप कमजोर असलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण. तुम्हाला पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं. हा चहा त्या मापात मोजा, वेगळा नाही.

गर्भवतींनी दिवसभरातलं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. त्यात घरचा नेहमीचा चहा-कॉफीही धरायची.

आणि एक गोष्ट ठळकपणे

ऊन लागलेल्या माणसावर हा चहा उपचार नाही. घाम, उलट्या, जुलाब यांतून मीठही जातं, त्यासाठी ओआरएस हवं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपली आहे, तर तोंडाने काहीही देऊ नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

गुरुजींचं ऑगस्टमधलं एचबीए१सी ७.३ आलं, गोळ्या न वाढवता. तुमच्या घरातल्या पेयाचं पाकीटही आज एकदा उलटून बघा. आणि बाजारातून येताना पुदिन्याची एक जुडी घेऊन या.