सुटे भाग

मोटारगाडी विकत घ्यायला पैसा लागतो, परंतु जुनी मोटारगाडी जिवंत ठेवायला पैशापेक्षा पायपीट अधिक लागते, असे माझे मामा म्हणतात. मामांचे लोअर परळला ना. म. जोशी मार्गाच्या एका गल्लीत मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. ना. म. जोशी मार्ग हे पाटीवरचे नाव. आमच्याकडे त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. गॅरेज तरी कसले, एक गाळा आणि त्याच्यापुढची एका गाडीपुरती जागा! अलीकडे मामांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा सुट्टीत बाजारातून सामान आणण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला हे कसे जमणार, अशी शंका आईने काढली. मामा म्हणाले, "वाचता येतंय ना तिला? मग झालं. या धंद्यात निम्मं काम वाचायचंच असतं." सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचे हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. त्यातला अर्थ हळूहळू उलगडत गेला.

गॅरेजमध्ये तेव्हा १९६५ सालची एक फियाट आली होती. मालक दादरचे, सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे गाडी घरी येणे म्हणजे एखाद्या लग्नकार्यासारखेच असे. पुढे ती इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली कित्येक वर्षे पडून राहिली. आता मालकांची इच्छा अशी की ती पुन्हा रस्त्यावर यावी आणि होती तशीच यावी. त्यांच्या चिरंजीवांचे मत निराळे. ते म्हणत, आतले इंजिन नवे टाका, वातानुकूलन बसवा. वरून जुनी दिसली म्हणजे झाले. पितापुत्रांचा हा वाद आमच्या गाळ्यासमोर, चहाचे ग्लास हातात धरून, बरेच दिवस चालला. मामा मध्ये बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी एक वही घ्यायला सांगितली आणि लागणाऱ्या भागांची नावे लिहून घ्यायला लावली. यादी चार पाने भरली.

या गाडीचे गोत्र थोडे सांगायला हवे. मूळ फियाट ११००-१०३ ही इटलीत १९५३ साली आली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून ती तयार होऊ लागली. तिच्या सुरुवातीच्या गोलमटोल अवताराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे प्रेमळ नाव ठेवले. त्या गाड्यांचे पुढचे दरवाजे हल्लीच्या नेमके उलट, मागच्या बाजूला बिजागरी घेऊन उघडत. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, १९७२ मध्ये तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले आणि १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. नावे बदलली तरी १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हा मूळ संसार दीर्घकाळ तोच राहिला. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले.

परंतु उत्पादन थांबले म्हणून सुटे भाग लगेच संपले नाहीत. याचे श्रेय काळ्यापिवळ्या टॅक्सीला. जोवर हजारो पद्मिनी टॅक्सी मुंबईत धावत होत्या, तोवर त्यांचे क्लच, ब्रेक, पाटे बनवणारे आणि विकणारे जगत होते, आणि त्यांच्या आधाराने घरगुती फियाटही जगत होत्या. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती जात अधिकृतपणे संपली. गंमत अशी की २०१८ पासून बंद असलेला आमचा डिलाईल रोडचा पूल पुन्हा बांधून त्याच्या पुढच्याच महिन्यात पुरता खुला झाला. जुन्या पुलावरून ज्या गाड्या वर्षानुवर्षे गेल्या, त्यांना नवा पूल काही लाभला नाही.

सामानाच्या शोधात मला मुंबईचा एक वेगळाच नकाशा पाठ झाला. मोटारीचे नवे भाग ऑपेरा हाउसच्या बाजूला. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटला. मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. आणि जे कुठेच मिळत नाही, ते चोरबाजारात. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तू मांडून बसतात. ऊन वर येईपर्यंत चांगली वस्तू उचलली गेलेली असते.

मामांच्या 'वाचण्या'चा अर्थ मला प्रथम नागदेवीला कळला. बेअरिंगच्या कडेवर आकडे कोरलेले असतात. ६२०४ असा आकडा असला तर शेवटच्या ०४ ला पाचाने गुणायचे; आतले भोक २० मिलिमीटरचे. बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. हा हिशेब जगभर एकच. त्यामुळे बेअरिंग इटलीतले असो की आपल्याकडचे, आकडा जुळला की ते बसते. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी ओळीने लिहिलेली असते. दुकानात जाऊन 'फियाटचे द्या' म्हणण्यापेक्षा आकडा सांगावा. दुकानदाराचा चेहराच बदलतो. नटबोल्टांचे तसे नाही. फियाटचे आटे मिलिमीटरचे, तर जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन गाड्यांचे इंचाचे. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पहिले एकदोन आटे बसतातही, आणि मग अडतात. तिथे जो पान्याने जोर लावतो, तो दोघांचेही आटे मारतो. "अडलं की थांबायचं," हा मामांचा मंत्र.

भाषेच्या विद्यार्थिनीला या बाजारात आणखीही मेजवानी होती. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर गेल्या शतकाच्या आरंभी असे जोडचाक बनवणारी कंपनी निघाली. तो रस्ता आपल्या बोलीत कायमचा राहायला आला. डिस्ट्रिब्यूटरला गॅरेजात 'डेल्को' म्हणतात. ते एका अमेरिकन कंपनीच्या नावातल्या आद्याक्षरांचे बनलेले नाव. सामान मागाची उघडणारी पेटी म्हणजे डिकी. ते पूर्वीच्या गाड्यांत मागे उघडणाऱ्या बैठकीचे नाव. वस्तू गेली, कंपनी गेली, शब्द मात्र आमच्या गल्लीत तेलकट हातांनी वापरला जात आहे.

असली आणि नकली ओळखणे हा पुढचा धडा. नकली भागावर कंपनीचे नाव असलीपेक्षा ठळक असते. मामा भाग प्रथम तळहातावर तोलतात, मग ओतकामाची शिवण बोटाने चाचपतात, आणि पुडके शेवटी पाहतात. परंतु असली तेवढे चांगले, असाही सरळ नियम नाही. ऑपेरा हाउसला एका जुन्या दुकानात ब्रेकच्या सिलिंडरची रबरे मिळाली. कंपनीचे न उघडलेले पाकीट, पिवळे पडलेले, आतला कागदही शाबूत. मी आनंदाने घेऊन आले. मामांनी एक रबर दोन बोटांत दाबले. त्यावर बारीक भेगा उमटल्या. "खरं आहे, पण मेलेलं आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला नवीन रबरे आणायला पाठवले. ब्रेकच्या बाबतीत जुन्याचा अभिमान धरायचा नाही. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते.

या सुमारास वर्गात आम्हांला पाठचिकित्सा हा विषय चालू होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करता करता शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावले. सर हे सांगत होते आणि माझ्यासमोर मामांचा गाळा उभा राहिला. एकनाथ स्वतः थोर कवी. अडलेल्या जागी स्वतःची सुरेख ओवी घालणे त्यांना काय अवघड होते? पण तिथे स्वतःला आवरणे हीच खरी विद्या. मामांनाही नव्या पद्धतीचे कितीतरी येते; ते या गाडीत मात्र आपली 'ओवी' घालत नव्हते.

पितापुत्रांच्या वादाला वेगळे वळण एका सरकारी नियमाने दिले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी विंटेज धरली जाते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चिरंजीवांनीच हा नियम वाचून दाखवला आणि विचारले, "मग मूळ म्हणजे नक्की किती मूळ? टायर बदलला तर चालतो, इंजिन का नाही?"

प्रश्न थट्टेचा असला तरी फार जुना आहे. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन हा ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळे जुळून आले म्हणजे त्याला रथ म्हणायचे. मी ही गोष्ट गाळ्यात सांगितली. मामा म्हणाले, "राजाचं बरोबर आहे. पण रथ दुरुस्त करणाऱ्याला हे विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, झिजणारं बदलायचं, वाहणारं ठेवायचं." टायर, रबर, पट्टा, ब्रेकचे अस्तर ही झिजण्यासाठीच केलेली असतात. ब्लॉक आणि चासी गाडीला वाहतात. त्यांच्यावर तिचे नंबर ठोकलेले असतात. ब्लॉक बोअर करून थोडे मोठे पिस्टन घालता येतात, त्याने ब्लॉक तोच राहतो. चिरंजीव बराच वेळ गप्प बसले. इंजिन जुनेच ठेवायचे ठरले.

माझ्या मनातून मात्र तो प्रश्न जाईना. आमच्या लोअर परळचेच पाहा. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल झाला आणि धुराडे शोभेला राहिले. काही बिल्डरांनी जाहिरातींत या भागाचे नाव 'अपर वरळी' करून टाकले. म्हणजे भाग बदललेच, वरची नाममुद्राही उपटली. इथे झिजणारे कोणते आणि वाहणारे कोणते हे ठरवताना आमच्या चाळींतल्या कोणाला विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

गाडीच्या यादीतला सर्वांत शेवटचा भाग सर्वांत लहान होता: पुढच्या डाव्या दारातल्या तिकोनी काचेची खिट्टी. तीन शुक्रवार मी चोरबाजारात गेले. तिसऱ्यांदा एकाच्या ढिगात ती चमकली. हातात घेतली तर उजव्या बाजूची! डाव्या-उजव्या खिट्ट्या आरशातल्या प्रतिमेसारख्या. एक दुसऱ्या जागी बसत नाही. "वही है बेटा, घुमा के लगा दो," विक्रेता म्हणाला. मी हसून ती परत ठेवली.

अखेर आमच्या शेजारचे एक वृद्ध टर्नर मदतीला आले. ते गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा ते विशीतले होते. पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांतली कित्येक यंत्रे लँकेशायरची. तिकडचा भाग यायची वाट न पाहता इथेच तो घडवायचा, हे त्यांचे शिक्षण. उजव्या दाराची खिट्टी समोर ठेवून, तिचा उलटा आकार मनात धरून, त्यांनी पितळेतून डावी खिट्टी कानशीने घडवली. तांबे, निकेल आणि वर क्रोम असा मुलामा चढवून आल्यावर दोन्हींत फरक सांगता येईना. मालकांचे डोळे भरून आले.

मामांनी ती बसवण्यापूर्वी टर्नरकाकांना एक विनंती केली. खिट्टीच्या आतल्या बाजूला, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, पोगराने एक बारीक ठिपका मारायला सांगितला. मी कारण विचारले. "पुढं कधीतरी कोणी ही गाडी उघडेल," मामा म्हणाले, "त्याला कळायला हवं की ही कंपनीची नाही, आपण केलेली आहे. नाहीतर तो हिच्यावरून दुसरी करील आणि आपली चूकभूल कंपनीच्या नावावर जाईल."

संपादक मूळ पोथीत नसलेले अक्षर कंसात घालतो ते याच कारणासाठी, हे मी त्यांना सांगितले. मामांनी मान डोलावली, हात पुसले आणि वहीत खिट्टीच्या नावापुढे मला लिहायला लावले: 'डावी, पितळी, डिलाईल रोडला केलेली.'